शेवटच्या मैलाचे इंजिन

मेढ्याला रेल्वे नाही. कधीकाळी येईल अशी कुणाला आशाही नाही. आमचे सर्वांत जवळचे स्टेशन म्हणजे सातारा, आणि तेही साताऱ्यात नाही. शहर सोडून माहुलीच्या अंगाला आहे. मेढ्याच्या स्टँडवरून एस.टी.ने सातारा, तिथून रिक्षाने स्टेशन, असा तो द्राविडी प्राणायाम. जावळी तालुक्यात आजही अशी म्हातारी माणसे भेटतात, की ज्यांनी उमेदीची तीस-चाळीस वर्षे मुंबईत काढली, पण गावी येण्याजाण्यासाठी रेल्वेचे तिकीट म्हणून कधी काढले नाही. गाव ते मुंबई सगळा प्रवास एस.टी.चा, आणि अलीकडे ट्रॅव्हल्सचा.

अशा या गावात, आमच्या घराच्या सोप्यात, गेला महिनाभर एक मालगाडीचे इंजिन उभे आहे. लांबी २३ सेंटिमीटर.

माझा पुतण्या जर्मनीत असतो. गणपतीला घरी आला तेव्हा त्याने एक चौकोनी डबा माझ्यापुढे केला. “काका, हे खास तुमच्यासाठी.” मला वाटले, नेहमीप्रमाणे चॉकलेटे असतील. उघडून पाहतो तर आत स्पंजाच्या खाचेत नीट बसवलेले इंजिन. खरे सांगायचे तर मनाला थोडे लागलेच. ज्याने रेल्वेच्या मालधक्क्यावर ३७ वर्षे नोकरी केली त्याला म्हातारपणी रेल्वेचे खेळणे द्यावे, म्हणजे निवृत्त मामलेदाराला रबराचे शिक्के भेट देण्यासारखेच झाले. पण चष्मा लावून ते इंजिन हातात घेतले, आणि हे खेळणे नव्हे हे दोन मिनिटांत कळून चुकले.

सीमेन्स कंपनीच्या व्हेक्ट्रॉन ड्युअल मोड या इंजिनाची ती १ ला ८७ या प्रमाणातली प्रतिकृती. मूळ इंजिन सुमारे २० मीटर लांब, ९० टन वजनाचे. छोट्या इंजिनाचे पायदान, दांडे, दिवे, बफर, टपावरच्या जाळ्या सगळे त्याच प्रमाणात. नखाने हळूच उचलला तर पॅन्टोग्राफ उभा राहतो, आणि त्याच वेळी बोगीच्या मधोमध, पोटाखाली, डिझेलची टाकी दिसते. पुतण्या कौतुकाने सांगत होता, मी ऐकत होतो. तेवढ्यात शेजारच्या वहिनी प्रसाद घेऊन आल्या. त्यांनी ते इंजिन उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, “भावजी, ह्याला वर तारंचं शिंग बी हाय आन् खाली तेलाची टाकी बी हाय. मंग ह्ये चालतंय तरी कशावं?”

रेल्वेचे शिक्षण न घेता याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही. त्याचे उत्तर असे, की ते दोन्हींवर चालते. तार असेल तिथे तारेवर, तार संपली की डिझेलवर. आणि त्यासाठी इंजिनाच्या पोटात दोन वेगळी इंजिने असतात असे नाही. हल्लीची डिझेल इंजिनेसुद्धा चाके फिरवतात ती विजेच्या मोटारींनीच. डिझेलचे यंत्र फक्त वीज तयार करते. तारेवरून आलेली वीज ट्रान्स्फॉर्मरमधून, डिझेलने केलेली वीज अल्टरनेटरमधून, अशा दोन वाटांनी येऊन एका ठिकाणी मिळते, आणि तिथून पुढे मोटारींपर्यंतची यंत्रणा एकच. वहिनींना मी सांगितले, “विहिरी दोन, पण पाट एकच.” ते त्यांना पटले. पुतण्याला ही उपमा फारशी आवडली नसावी. पण त्याने ती लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतली.

आता कुणी म्हणेल, जर्मनीतल्या इंजिनाशी मेढ्याचा काय संबंध? तोच तर सांगायचा आहे. हे इंजिन महिनाभर डोळ्यांसमोर असल्यामुळे एक जुना विषय डोक्यातून जाईना, आणि तो मालगाडीचा असल्यामुळे सहसा कुणी त्यावर लिहीत नाही. रेल्वेवर लिहिणारे लिहितात ते वंदे भारतवर, नाही तर लोकलच्या गर्दीवर. मालगाडी ही क्रॉसिंगला उभी राहणारी गाडी. तिच्या वाघिणी मोजाव्यात, कंटाळा आला की सोडून द्यावे, एवढाच प्रवाशांचा तिच्याशी संबंध.

जावळीचा मात्र मालगाडीशी संबंध आहे, आणि तो पाठीवरचा आहे. माझे वडील मुंबईला वाडीबंदरच्या मालधक्क्यावर माथाडी होते. एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसे, पाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि दिवसभर वाघिणीतून गोणी काढून थप्पी लावायची. जावळी, पाटण, वाई या डोंगरी तालुक्यांतली किती घरे या गोण्यांवर उभी राहिली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे त्या पाठींना कायद्याने नाव मिळाले. ज्या तालुक्यात रूळ नाही, त्या तालुक्याची दोन पिढ्यांची चूल रेल्वेच्या मालावर पेटली, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

मी वडिलांच्या एक पायरी वर चढलो, इतकेच. ते गोणी उचलत, मी गोणी मोजत असे. गुड्स क्लार्क, म्हणजे लोकांच्या भाषेत मालबाबू. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, त्यानंतर दोनच वर्षांनी मी नोकरीला लागलो. साखर, खत, सिमेंट, कोळसा हे माझे चार वेद. वाघिणी किती वाजता धक्क्याला लागल्या, किती वाजता रिकाम्या झाल्या, मुदत टळली तर डॅमरेज किती, यातच हयात गेली. पुढे बदली होऊन इगतपुरीपलीकडे गेलो, आणि दोन प्रकारांवर चालणाऱ्या इंजिनाची पहिली ओळख तिथे झाली.

हो, पहिली. कारण असली दुहेरी इंजिने महाराष्ट्राला नवी नाहीत. उलट साऱ्या देशात ती आपल्याकडेच होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्ही.टी. ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे त्याच तारा बोरघाट आणि थळघाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेल्या. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडहून जी लांब नाकाची इंजिने आली त्यांना आपल्या लोकांनी ‘खेकडा’ हे नाव दिले. परंतु स्वातंत्र्यानंतर रेल्वेने देशभरासाठी २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह पसंत केला, आणि मुंबईभोवती एक बेट तयार झाले. बेटावर डीसी, बाहेर एसी. इगतपुरीला गाडी आली की इंजिन तोडा, दुसरे जोडा. प्रवाशांना तेवढ्यात चहा-वडा मिळे, म्हणून त्यांना इगतपुरी आवडे. मालगाडीला चहा लागत नाही. तिचा नुसता वेळ जाई.

या बेटावरून ये-जा करण्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने निघाली. पश्चिम रेल्वेसाठी १९७५ पासून चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूसीएएम-१ जातीची ५३ इंजिने झाली. विरारच्या पुढे धावता धावता ड्रायव्हर पॅन्टोग्राफ खाली घेई, मधला मृत तारेचा तुकडा गाडी आपल्या वेगावर ओलांडी, आणि पलीकडे दुसऱ्या प्रवाहावर पुन्हा चालू होई. डीसीवर या इंजिनांची ताकद कमी पडे, ड्रायव्हर कुरकुरत. पण इंजिन बदलण्याची कटकट गेली. मध्य रेल्वेवर नंतर याच कुळातली इंजिने आली, आणि खास मालगाडीसाठी भेल कंपनीने डब्ल्यूसीएजी-१ ही जात केली. ती इंजिने उणीपुरी बारा! कासारा आणि कर्जतच्या ३७ला १ चढावर मालगाडीला मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनांमध्ये मी ती पाहिली आहेत. २०१२ ते २०१६ या काळात मुंबईतले सारे मार्ग एसीवर गेले, बेट बुडाले, आणि या इंजिनांचे दुहेरीपण निरुपयोगी ठरले. आपण त्याबद्दल चार ओळीही लिहिल्या नाहीत. स्थित्यंतराच्या काळात जी यंत्रे, आणि जी माणसे, दोन्ही तीरांवर पाय ठेवून काम निभावतात त्यांना नंतर कुणी विचारत नाही. असो.

सोप्यातले हे जर्मन इंजिन मात्र वेगळ्या अडचणीवरचा उपाय आहे. तिथे प्रश्न दोन प्रवाहांचा नाही. तार आहे आणि तार नाही, असा आहे. जर्मनीतल्या सुमारे साठ टक्के रेल्वेमार्गांवरच विजेच्या तारा आहेत. मालगाडी पाचशे किलोमीटर तारेखालून येते आणि कारखान्याच्या, बंदराच्या, लाकडाच्या वखारीच्या शेवटच्या दोन किलोमीटरांवर अडते, कारण तिथे तार नसते. मग तेवढ्यासाठी एक डिझेल इंजिन आणि त्याचा ड्रायव्हर वाट पाहत ठेवायचा. नाही तर गाडी सुरुवातीपासूनच डिझेलवर चालवायची, म्हणजे डोक्यावर तार असूनही खाली तेल जाळत जायचे. या शेवटच्या मैलासाठी हे इंजिन जन्माला आले. जर्मन रेल्वेच्या माल विभागाने २०२० साली अशा चारशेपर्यंत इंजिनांचा करार केला, त्यावरून तिथे हा प्रश्न किती गांभीर्याने घेतला आहे ते दिसते.

“पण काका, तुमच्याकडे तर आता सगळीकडे तारा झाल्या,” पुतण्या म्हणाला. “तुम्हाला हे इंजिन लागणारच नाही.”

त्याचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. मध्य रेल्वेचा शेवटचा उरलेला ब्रॉडगेज तुकडा, लातूरजवळचा औसा रोड ते लातूर रोड, फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्युतीकरण होऊन पूर्ण झाला. आमच्या पुणे-मिरज मार्गावरही डोक्यावर तारा आहेत. आदर्कीच्या वळणांवर डिझेलचा धूर सोडीत धापा टाकणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या त्यांना हे चित्र नवलाचे वाटेल. देशाचे विद्युतीकरण जवळजवळ शंभर टक्के झाल्याचे आकडे आपण वाचतो, आणि ती खरोखरच मोठी कामगिरी आहे. पण हे आकडे मार्गाच्या किलोमीटरचे असतात. मालधक्क्याची लाइन, साखर कारखान्याची सायडिंग, खताच्या गोदामात वळणारा रूळ हे त्या मोजणीत धरलेले नसतात. मालबाबू म्हणून मी ३७ वर्षे जिथे उभा होतो ती जागा त्या शंभर टक्क्यांच्या बाहेर आहे.

आणि तिथे तार नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला कारण आहे.

भुसावळच्या बाजूला एका मालधक्क्यावर, स्टेशनाचे नाव सांगत नाही, मी कामाला असतानाची गोष्ट. कोळशाच्या उघड्या वाघिणी लागल्या होत्या. त्या लाइनवर डोक्यावर तार होती. नियम असा, की आधी स्विच उघडून त्या लाइनचा प्रवाह तोडायचा, तार जमिनीला जोडायची, आणि मगच माणसे वर चढवायची. त्या दिवशी रेक उशिरा आलेला, व्यापारी डॅमरेजच्या काळजीत, अंधार पडत चाललेला. प्रवाह तोडल्याचे कुणी तरी कुणाला तरी सांगितले, असे नंतर प्रत्येकाने सांगितले. बावीस वर्षांचा एक खानदेशी पोरगा फावडे घेऊन वर चढला. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लावावा लागत नाही. नुसते जवळ गेले तरी पुरते. मी कचेरीच्या खिडकीतून फक्त एक उजेड पाहिला. पुढे चौकशी झाली, कागद पुष्कळ झाले, दोष इकडून तिकडे सरकत राहिला. रेक मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामा झाला. त्याचे डॅमरेज मीच काढले होते, आणि तो आकडा अजून माझ्या लक्षात आहे.

म्हणून ही प्रतिकृती पाहताना मला त्या पॅन्टोग्राफपेक्षा त्याखालची डिझेलची टाकी महत्त्वाची वाटली. जिथे माणूस वाघिणीवर चढतो, जिथे क्रेनची सोंड फिरते, तिथे डोक्यावर मोकळे आकाश हवे. तिथपर्यंत गाडी आणायला वेगळे शंटिंगचे इंजिन लागू नये, आणि आणणाऱ्या इंजिनाला तारेची गरज पडू नये. हे साधले, तर स्विच उघडला की नाही हा प्रश्नच उरत नाही. मुख्य मार्गावर वीज असावी, धक्क्यावर नसावी, आणि दोन्हीकडे एकच इंजिन जावे. जर्मनांनी हे इंजिन पैशाचा हिशेब करून केले असेल. मला त्याचा हिशेब त्या पोराच्या वयाने करावासा वाटतो.

आपल्याकडे याची जाणीव अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. वाराणसीच्या कारखान्याने तार आणि डिझेल दोन्हींवर चालणारे डब्ल्यूडीएपी-५ हे इंजिन करून दाखवले. जबलपूरला पश्चिम-मध्य रेल्वेच्या लोकांनी २०२० साली शंटिंगसाठी तारेवर आणि बॅटरीवरही चालणारे ‘नवदूत’ नावाचे इंजिन तयार केले. मला तर ही कल्पना जर्मनांच्याहून बरी वाटते, कारण त्यात धूरही नाही. पण कौतुक ज्या इंजिनांचे होते ती निराळी आहेत. मधेपुऱ्याच्या कारखान्यातून बारा हजार अश्वशक्तीची दुहेरी शरीराची इंजिने येतात, नागपूरला अजनीच्या शेडमध्ये त्यांची देखभाल होते. दाहोदच्या कारखान्यातून मे २०२५ मध्ये नऊ हजार अश्वशक्तीचे इंजिन बाहेर पडले, आणि त्यामागेही हीच सीमेन्स कंपनी आहे. म्हणजे एकच कंपनी जर्मनांना शेवटच्या मैलाचे इंजिन देते आणि आपल्याला लांब पल्ल्याचे. कंपनीचा यात काही दोष नाही. गिऱ्हाईक मागेल ते दुकानदार देणार.

आपण काय मागतो, हा प्रश्न आहे. रेल्वेला लांबलचक, एकसारखा, एका जागेहून एका जागी जाणारा माल हवा असतो. कोळसा, लोखंडाचे खनिज, बंदरातले कंटेनर. माझ्या नोकरीच्या पहिल्या काळात एखाद्या व्यापाऱ्याला एक वाघीण मागता येत असे. लोणंदचा कांदा, कराडचा गूळ, एकेक दोनदोन वाघिणी जोडून निघत. मग रेल्वेने पूर्ण रेकचे धोरण धरले. माल द्यायचा तर अख्ख्या गाडीचा द्या, सुटी वाघीण मिळणार नाही. रेल्वेच्या बाजूने पाहिले तर ते शहाणपणाचे होते; एकेका वाघिणीचे शंटिंग म्हणजे केवढा खर्च आणि केवढा खोळंबा, हे मी स्वतः भोगले आहे. परंतु त्या दिवशी छोट्या स्टेशनांचे मालधक्के मेले. धक्क्यावर गवत उगवले, गोदामाला कुलूप लागले, आणि माल ट्रकवर चढला तो चढलाच. आज देशातल्या एकूण मालापैकी रेल्वेच्या वाट्याला चौथ्या हिश्शाहून थोडासाच अधिक येतो, आणि २०३०पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचे राष्ट्रीय रेल्वे योजनेत लिहून ठेवले आहे. ते नऊ हजार अश्वशक्तीने होणार नाही. ज्याच्या शेतापासून धक्का चाळीस किलोमीटरवर आहे आणि धक्क्यावर महिनोन्महिने वाघीण दिसत नाही, तो माणूस टेम्पोच बोलावणार.

पूर्वी उलटे होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभारला तो कुंडल रोड स्टेशनाच्या जवळ. पुढे स्टेशनानेच किर्लोस्करवाडी हे नाव घेतले. नांगर बनवायचे तर लोखंड यायला आणि नांगर जायला रूळ जवळ हवेत, हे त्या माणसाने आधी पाहिले. आज महाबळेश्वर-पाचगणीची आणि आमच्या जावळीतली स्ट्रॉबेरी रात्रीच्या टेम्पोने मुंबईला जाते. पूर्वी महाबळेश्वरला जायला लोक ज्या वाठार स्टेशनावर उतरत, त्या वाठारकडे ती ढुंकूनही पाहत नाही. ऑगस्ट २०२०मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, सांगोल्याच्या डाळिंबांना तिने थेट बंगाल दाखवला. भाड्यात निम्मी सवलत होती. सवलत सरली तशी ती धावपळही सरली. भाड्याची सवलत हे औषध होते. धक्क्याचा आजार तसाच राहिला.

हे सगळे ऐकून पुतण्याने मला अडवले, आणि त्याचा आक्षेप इथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. तो म्हणाला, “काका, दुहेरी इंजिन महाग असते. ट्रान्स्फॉर्मरही वाहायचा आणि डिझेलचे यंत्रही वाहायचे. लांब पल्ल्याला ते ओझेच. आणि एका इंजिनाने धक्के जिवंत होतील हे तुम्ही कशावरून म्हणता?” यातले पहिले मला पूर्ण मान्य आहे. कोळशाच्या लांब गाड्यांना असले इंजिन लावणे म्हणजे बैलगाडीला शिडी बांधून फिरण्यासारखे होईल. पण एकेका विभागात आठ-दहा इंजिने, छोट्या गाड्यांसाठी, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या धक्क्यांवर जाणारी, एवढे मागणे जास्त नाही. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे पुरावा नाही. धोरण बदलल्याशिवाय इंजिन काही करणार नाही, हे खरेच. परंतु धोरण बदलले आणि इंजिन नाही, असेही व्हायला नको.

आणि आणीबाणीचे काय? एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलेले होते आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. मिरजेच्या रेल्वेच्या हैदरखान विहिरीतून दहा वाघिणी भरल्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, पाच लाख लिटर पाणी ३४२ किलोमीटर दूर लातूरला पोहोचले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. त्या मार्गावर तेव्हा तारा नव्हत्या, डिझेल इंजिनांनी हे काम केले. आज तिथे तारा आहेत, छान आहे. पण तारा महापुरात पडतात, वादळात तुटतात, आणि सांगली-मिरजेने २०१९ आणि २०२१ साली महापूर काय असतो ते पाहिले आहे. डिझेलची सगळी इंजिने भंगारात काढण्याआधी ज्या रात्री वीज नसेल त्या रात्री गाडी कोण ओढणार, हे कुणी तरी लिहून ठेवले असेल अशी मी आशा करतो.

आता या छोट्या इंजिनाकडे परत येतो, कारण माझी दुसरी तक्रार त्याच्याशी निगडित आहे. आपल्याकडे प्रतिकृतीला खेळणे समजतात. मुलगा दहावीला गेला की ती माळ्यावर जाते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १९९८पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे खोलीतले दिवे मालवले की अख्खे छोटे शहर उजळते, सिग्नल पडतात, सांधे बदलतात, गाड्या एकमेकींना वाट देतात. मी निवृत्तीनंतर ते पाहायला गेलो होतो. माझ्या शेजारी एक आई मुलाला सांगत होती, “बघ किती क्यूट ट्रेन.” मला वाटले, हिला सांगावे, की बाई, ही गाडी लाल सिग्नलला का थांबली ते विचार त्याला. सिग्नल, सांधा आणि गाडी यांचे नाते मला नोकरीत कळायला दोन वर्षे लागली; त्या खोलीत ते अर्ध्या तासात कळते.

अर्थात प्रतिकृतीही खोटे बोलते, आणि कुठे खोटे बोलते ते पाहण्यासारखे असते. जर्मन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, त्याचा ८७वा भाग साडेसोळा मिलिमीटर. छोटे रूळही तेवढ्याच अंतराचे. सारे चोख. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याचा ८७वा भाग एकोणीस मिलिमीटरच्या वर जातो. पण बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, म्हणून भारतीय इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती बहुधा त्याच अरुंद रुळांवर चालवतात. वरून इंजिन आपले, खाली पाय दुसऱ्याचे. ज्या देशात रेल्वेत काम करणारी माणसे दहा-बारा लाखांच्या घरात आहेत, त्या देशाला आपल्या रुळांच्या मापाचे छोटे रूळ सहज मिळू नयेत, याचे मला खरोखर वाईट वाटले. त्या बारा डब्ल्यूसीएजी इंजिनांपैकी एकाची तरी नीट मापातली प्रतिकृती कल्याणच्या, इगतपुरीच्या शाळांत असायला हवी, असे मला वाटते. मोठे इंजिन जपायला शेड लागते. छोटे काचेच्या कपाटात मावते.

मेढ्यातल्या शाळेच्या गुरुजींपर्यंत ही बातमी पोहोचलीच. ते दोन विद्यार्थ्यांना घेऊन घरी आले आणि विज्ञान प्रदर्शनासाठी इंजिन मागितले. मी देतो म्हणालो, पण दोन अटी घातल्या. फळीवर रूळ घालाल त्यातल्या शेवटच्या हातभर रुळावर तार घालायची नाही. आणि त्या हातभर रुळाशेजारी मालधक्का करायचा, गोदामासकट, हमालांसकट. गुरुजी म्हणाले, “आबा, इंजिन ठीक आहे, पण हमाल कुठून आणायचे?” मी पुतण्याला फोन लावला. त्याने सांगितले, की तिकडच्या दुकानात याच मापाची दोन सेंटिमीटर उंचीची माणसे पाकिटातून मिळतात, सहाचा संच असतो, पण सगळी टोपी-कोटातली. पाठवून दे म्हटले, पुढचे आम्ही पाहू.

परवा पाकीट आले. आठवीतल्या एका मुलीने सुईच्या टोकाने, चिंध्यांच्या धाग्यांनी, त्यातल्या चौघांच्या टोप्यांवर पटके चढवले आहेत. एकाच्या पाठीवर साबुदाण्याच्या दाण्याएवढे पोते आहे. पटका पांढरा असावा की तांबडा, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही. माझ्या वडिलांचा कोणत्या रंगाचा होता हे विचारायला ती मुले उद्या घरी येणार आहेत.